पडलेल्या शाईच्या पेनाची निब : दुरुस्ती कशी करावी आणि नवी कशी बसवावी

शाईचे पेन हातातून निसटून नेमके निबेवर पडले की आपण ते चटकन उचलतो, टोक वाकडे झालेले पाहतो आणि त्याच क्षणी अंगठ्याच्या नखाने ते सरळ करायला जातो. हे सर्वप्रथम टाळावे. दुरुस्तीसाठी माझ्या हाती आलेल्या आणि अखेर न वाचलेल्या निबांपैकी बऱ्याचशा पडण्यापेक्षा पडल्यानंतरच्या घाईनेच बिघडल्या होत्या. पोलाद एकदा वाकले तर सरळ करता येते, पण तेच दोन-चार वेळा मागे-पुढे वाकवले की त्या जागी ते थकते आणि तडकते.

पुढचे सगळे लिहिताना मी एकच पेन डोळ्यांसमोर ठेवले आहे. ते माझ्या वडिलांचे, काळ्या एबोनाइटचे, म्हणजे कठीण केलेल्या रबराचे, ड्रॉपरने शाई भरायचे पेन आहे आणि त्याला ३५ मिलिमीटर लांबीची पोलादी निब आहे. स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर ते पडले तेव्हा निबेचे उजवे पाते, म्हणजे मधल्या चिरेच्या उजवीकडचा अर्धा भाग, वर उचलले गेले होते. ती निब मी सरळ केली, ती काही महिने उत्तम चालली, पण पहिल्या घाईत मी ती बोटांनी वाकवून पाहिली होती आणि त्याच जागी पुढे तडा गेला. त्यामुळे एकाच पेनावर दुरुस्ती आणि बदली ही दोन्ही कामे मला करावी लागली. राजमहेंद्रीच्या रत्नम पेन वर्क्सने १९३२ पासून घडवलेली आणि मुंबई-चेन्नईकडच्या कारागिरांनीही केलेली या घडणीची पेने आपल्याकडे अनेक घरांतल्या कपाटांत आजही आहेत. त्यांत निब सहसा केवळ दाबून बसवलेली असते, चिकटवलेली नसते. म्हणूनच हे काम घरी करता येते.

निब एकटी लिहीत नाही

टाकाची निब बदलणे म्हणजे जुनी काढून नवी खोचणे, एवढेच असते, कारण टाक दौतीत बुडवायचा असतो आणि शाई पुरवण्याचे काम आपला हातच करतो. शाईच्या पेनात ते काम निबेखालची काळी जीभ करते, जिला दुकानदार फीड म्हणतात. जिभेच्या पाठीवर एक उभी खाच असते. त्या खाचेतून शाई पुढे झिरपते, निबेच्या मधल्या छिद्रापाशी पोहोचते आणि तिथून दोन पात्यांमधल्या चिरेतून टोकापर्यंत ओढली जाते. जितकी शाई बाहेर जाते तितकी हवा त्याच वाटेने आत शिरते. चीर छिद्रापाशी किंचित रुंद आणि टोकाकडे निमुळती असते, म्हणून शाई आपोआप अरुंद बाजूकडे, म्हणजे टोकाकडे, खेचली जाते. जिभेच्या पोटावर दिसणारे कंगव्यासारखे काप जादा शाई धरून ठेवतात, नाहीतर ती कागदावर थेंबाने गळली असती.

हे एवढ्यासाठी सांगितले, की लिहिण्यातले निम्मे दोष निबेत नसून निब आणि जीभ यांच्यामधल्या जागेत असतात. निब जिभेपासून केसभर जरी सुटली तरी शाईची वाट तुटते आणि पेन दोन ओळी लिहून कोरडे पडते. लोक अशा वेळी निब दोषी ठरवून ती बदलतात, नवी निबही तशीच अर्धवट टेकवतात, आणि मग पेनच वाईट निघाले असे म्हणतात.

आधी नीट पाहावे

घड्याळजी डोळ्याला लावतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. ते नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून छायाचित्र काढून ते मोठे करून पाहावे. उघड्या डोळ्यांनी निबेचे टोक पाहून निर्णय करू नये. तिथे बिघाड मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा लागतो.

निब ओल्या सुती कापडाने पुसून घ्यावी आणि तीन बाजूंनी पाहावी. पहिल्यांदा टोक थेट आपल्या डोळ्याकडे करावे. दोन्ही पात्यांची टोके एकाच उंचीवर, जणू एकाच मण्याचे दोन अर्धे भाग, अशी दिसली पाहिजेत. एक पाते वर आणि दुसरे खाली असेल तर पेन एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लिहिते. देवनागरीत शिरोरेघ ओढताना कागद खरवडला जातो आणि उभा काना मात्र सहज उतरतो, ही त्याची ओळख. मग निब बाजूने पाहावी आणि निब व जीभ यांच्यामधून उजेड दिसतो का ते तपासावे. शेवटी निब खिडकीसमोर धरून वरून चीर पाहावी. छिद्रापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी उजेडाची बारीक रेघ दिसली तर चीर ठीक आहे. उजेड अजिबात दिसला नाही तर पाती एकमेकांवर दाबली गेली आहेत. टोकाशी फट रुंद होत असेल तर पाती फाकली आहेत, आणि असे बहुधा हात दाबून लिहिण्याच्या सवयीने होते.

याच वेळी छिद्राच्या कडेला आणि निबेच्या मागच्या टोकाला तडा आहे का ते पाहावे. तडा शाईने भरलेला असतो, त्यामुळे तो एखाद्या केसासारखा काळा किंवा निळा दिसतो आणि पुसला तरी पुन्हा उमटतो. टोकावरचा कठीण धातूचा मणीही जागेवर आहे का ते पाहावे. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ असे कोरलेले असले तरी आजच्या मण्यात इरिडियम बहुधा नसते; टंगस्टन, ऑस्मियम, रुथेनियम अशा धातूंचा तो मिश्रधातू असतो. पोलादापेक्षा तो कितीतरी कठीण असतो, म्हणून निब वर्षानुवर्षे झिजत नाही. मणी एका पात्यावरून उडाला असेल तर ती निब संपली. उरलेले पोलाद घासून गोल केले तर ते काही दिवस लिहील, पण कागद त्याला लवकरच धार आणील.

निब सर्व बाजूंनी निर्दोष दिसत असूनही पेन लिहीत नसेल, तर दोष बहुधा वाळलेल्या शाईचा किंवा चिरेत अडकलेल्या कागदाच्या तंतूचा असतो. तसेच ड्रॉपरच्या पेनात शाई तळाला गेल्यावर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई भसकन बाहेर ढकलते. मे महिन्यात हे हमखास होते. त्यात निबेचा दोष नाही. पेन पुन्हा भरावे, म्हणजे थांबते.

धुणे आणि खोलणे

निबेला हात लावण्यापूर्वी पेन पूर्ण रिकामे करून साध्या, कोमट नव्हे अशा पाण्याने धुवावे. निब-जीभ असलेला पुढचा भाग, म्हणजे सेक्शन, पिंपापासून (शाई भरायच्या मागच्या नळीपासून) फिरवून वेगळा करावा आणि रात्रभर पाण्यात उभा ठेवावा. शाई फार वाळली असेल तर पेलाभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एकच थेंब टाकावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने तो पूर्ण काढून टाकावा. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे द्रव किंवा थिनर कधीही वापरू नये. अॅक्रिलिकला त्यांनी बारीक तडे जातात आणि सेल्युलॉइड तर विरघळते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रबरी पिचकारीने सेक्शनच्या मागून पाणी दाबून सोडले की जिभेच्या खाचेतली शाईची खपली बाहेर येते. पुष्कळ पेने एवढ्यानेच लिहू लागतात, आणि तसे झाले तर तिथेच थांबावे.

खोलायचेच असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा घ्यावा. निब वरून आणि जीभ खालून अशी दोन्ही एकत्र, निबेच्या रुंद खांद्यापाशी, त्या रबरात धरावी आणि सेक्शन दुसऱ्या हातात धरून किंचित डावी-उजवीकडे हलवत सरळ रेषेत ओढावी. पातळ पात्यांना धरून ओढल्यास ती तिथेच वाकतात. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर बळ न लावता सेक्शन आणखी एक दिवस पाण्यात ठेवावा. माझ्या वडिलांच्या पेनाची जीभ तिसऱ्या दिवशी सुटली, आणि तिच्यामागे गडद निळ्या चिखलाचा जो थर निघाला तो पाहिल्यावर घाई न केल्याचे समाधान वाटले.

सगळ्याच पेनांची निब अशी ओढून काढू नये. लॅमी सफारीची निब जिभेवर सरकवलेली असते. तिच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पुढे ओढली की ती एकटीच निघते आणि जीभ जागेवरच राहते. पेलिकनच्या पिस्टनच्या पेनांत निब आणि जीभ यांचा मिळून एक आटे असलेला भाग असतो आणि तो फिरवून काढायचा असतो. पार्कर ५१ किंवा हीरो ६१६ यांसारख्या झाकलेल्या निबेच्या पेनांत निबेवरचे आवरण सीलबंद असते. ज्याला त्या पेनांची सवय नाही त्याने ते जाणकाराकडेच न्यावे.

वाकलेले पाते सरळ करणे

पाती फक्त वर-खाली झाली असतील तर निब काढण्याचीही गरज नसते. जे पाते खाली गेले आहे त्याच्या टोकाजवळ खालून नख टेकवावे, ते शेजारच्या पात्याच्या किंचित वर येईपर्यंत हळू उचलावे, दोन-तीन सेकंद धरावे आणि सोडावे. पोलादाला परतण्याची ओढ असते, म्हणून जिथे थांबायचे त्याच्या थोडे पुढे न्यावे लागते. प्रत्येक वेळी भिंगातून पाहावे. हे काम बळाने होत नाही. पाहणे दहा वेळा आणि दाबणे एकदा, अशा प्रमाणात ते करावे लागते.

पाते खरोखरच दुमडले असेल तर निब जिभेपासून वेगळी करूनच काम करावे. लागणारी साधने घरातच असतात. षटकोनी नसलेली, गोल पेन्सिल ही सुमारे ७ मिलिमीटर जाड असते आणि तिचा गोलवा या आकाराच्या निबेच्या पाठीशी बऱ्यापैकी जुळतो. लोकरीच्या विणकामाची पोलादी सुई गुळगुळीत असते आणि ती पात्यावरून फिरवली तर ओरखडा पडत नाही. जोडीला एक मऊसर खोडरबर असावे. पक्कड वापरावीच लागली तर ती दाते नसलेल्या, सपाट जबड्यांची असावी आणि जबड्यांना कागदी चिकटपट्टी गुंडाळावी.

पाते वर उचलले गेले असेल, जसे माझ्या पेनात झाले होते, तर निब तिच्या पोकळ बाजूने पेन्सिलीवर बसवावी आणि विणकामाच्या सुईची बाजू छिद्रापासून टोकाकडे हलक्या दाबाने फिरवत न्यावी. पाते खाली, जिभेच्या दिशेने, दुमडले असेल तर उलट करावे : निब खोडरबरावर पाठीवर उताणी ठेवावी, म्हणजे तिची पोकळ बाजू वर येईल, आणि आतून सुईच्या बोथट टोकाने दाबत यावे. दोन्ही वेळा एक गोष्ट सांभाळावी लागते आणि नवशिक्यांची चूक नेमकी इथेच होते. डोळ्याला वाकडे दिसते ते टोक, म्हणून दाब टोकावर दिला जातो. पण वाक पडलेला असतो मागे, बहुधा छिद्र आणि टोक यांच्यामध्ये कुठेतरी. टोक दाबले की मूळ वाक तसाच राहतो, त्याच्या पुढे उलटा दुसरा वाक पडतो आणि पाते नागमोडी होते. एक वाक काढणे सोपे आहे, दोन काढणे कठीण. म्हणून वाक कुठे सुरू होतो ते आधी शोधावे आणि दाब तिथेच द्यावा.

ते शोधण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा आहे. निब ट्यूबलाइटखाली धरून तिच्या पाठीवरचे प्रकाशाचे लांबट प्रतिबिंब पाहावे आणि निब हळूहळू कलती करावी. पाते सरळ असेल तिथे ती पांढरी रेघ सरळ सरकते. वाक असेल तिथे ती रेघ मोडते, जाड होते किंवा बाजूला उडी मारते. मी त्या जागी बारीक पेनाने ठिपका देतो आणि त्या ठिपक्यावरच काम करतो. दहा-बारा हलक्या फेऱ्या झाल्या की पुन्हा प्रतिबिंब पाहतो. माझ्या निबेला सलग दोन संध्याकाळी लागल्या. निब गॅसवर किंवा मेणबत्तीवर तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण तापवलेल्या पात्याची लवचीकता जाते आणि ते पुढे प्रत्येक दाबाला वाकत राहते.

पाते सरळ झाल्यावर चीर पाहावी. ती टोकाशी फाकली असेल तर उजवे पाते डाव्याच्या खाली सरकवून काही सेकंद धरावे, मग डावे उजव्याच्या खाली धरावे, आणि दोन्ही सोडून पाहावे. फट मिटेपर्यंत हे सावकाश करावे. उलट चीर अगदीच आवळली असेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा छिद्रातून चिरेत घालून टोकाकडे दोन-तीनदा अलगद ओढावा. हाच पत्रा अडकलेले तंतू काढण्यासही चालतो. शाळेत आपण या कामासाठी दाढीचे ब्लेड वापरत असू. ब्लेड पोलादी असते, पितळेपेक्षा कठीण असते आणि धारेकडून पाठीकडे जाड होत जाते, त्यामुळे ते चिरेच्या आतल्या कडा खरवडते आणि पाती कायमची फाकवते. ती सवय सोडावी.

सोन्याच्या निबेविषयी वेगळे सांगितले पाहिजे. निबेवर ५८५ असा आकडा असेल तर ते १४ कॅरट आणि ७५० असेल तर १८ कॅरट सोने असते. तिची किरकोळ वर-खाली झालेली पाती वरील रीतीने नखाने जुळवता येतात, पण दुमडलेली किंवा तडकलेली सोन्याची निब घरी दुरुस्त करू नये आणि नेहमीच्या सोनाराकडेही देऊ नये. दागिन्याला लावतात त्या ज्योतीने पाती मऊ पडतात. तडा जोडणे आणि टोकाला नवा मणी बसवणे ही कामे केवळ निबेचेच काम करणारे मोजके कारागीर करतात, आणि चांगल्या जुन्या पेनासाठी त्यांची वाट पाहणे योग्य ठरते.

घासण्याविषयी थोडक्यात

पाती जुळली आणि चीर योग्य झाली तरीही टोक खरखरत असेल, तरच घासावे. बहुतेक खरखर पाती जुळवल्यावर आपोआप जाते, म्हणून घासणे नेहमी शेवटी. त्यासाठी १२००० क्रमांकाचा मायक्रोमेश किंवा १ मायक्रॉनहून बारीक लॅपिंग फिल्म (दोन्ही अतिशय बारीक कणांचे घासकागद) घ्यावी, निबेत शाई असू द्यावी, आणि पेनाचे स्वतःचे वजन पुरेसे समजून पाच-सहा इंग्रजी आठचे आकडे काढावेत. मग कागदावर लिहून पाहावे. दुकानातला साधा पॉलिशपेपर, काडेपेटीची बाजू, फरशी आणि काच यांपैकी काहीही वापरू नये. घासून गेलेला मणी परत येत नाही. शिवाय फार घासले तर चिरेच्या तोंडाशी दोन्ही कडा गोल होऊन मध्ये खळगा पडतो. मग निब स्पर्शाला लोण्यासारखी लागते, पण शाई कागदाला टेकत नाही आणि प्रत्येक अक्षराची सुरुवात कोरी जाते.

नवी निब निवडणे आणि बसवणे

मणी उडाला असेल, तडा गेला असेल, गंजाने खड्डे पडले असतील किंवा पाते नागमोडी झाले असेल तर पोलादी निब बदलावी. तिच्यावर आणखी कष्ट घेण्यात अर्थ नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर पेनांच्या दुकानांत सुट्या निबा विचारता येतात. भारतीय बनावटीत कानराइटच्या निबा, तर जर्मन बनावटीत बर्लिनच्या योवो आणि हायडेलबर्गच्या बॉक या कंपन्यांच्या निबा ऑनलाइनही मिळतात.

जाताना जुनी निब आणि जीभ दोन्ही सोबत न्यावीत. ‘नंबर ५’ आणि ‘नंबर ६’ ही मापे ढोबळ आहेत. नंबर ५ ची जीभ साधारण ५ मिलिमीटर आणि नंबर ६ ची साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाची असते, पण एकाच क्रमांकाच्या दोन कंपन्यांच्या निबांचा गोलवा आणि लांबी वेगळी असू शकते. योवो आणि बॉक यांची आट्यांसह येणारी निबेची संपूर्ण जोडणी तर एकमेकींच्या जागी बसतच नाही. दुकानातच नवी निब आपल्या जिभेवर ठेवून उजेडाकडे पाहावे. कडेने उजेड दिसला तर निबेचा गोलवा जिभेपेक्षा मोठा आहे आणि ती सैल बसेल. ती जिभेला चिमटा घेतल्यासारखी वाटत असेल तर गोलवा लहान आहे, आणि अशी निब दाबून घातल्यास सेक्शन तडकण्याचा धोका असतो. बारीक जोडाक्षरे लिहिणाऱ्याने बारीक टोक घ्यावे, कारण जाड टोकाने ‘क्ष’ आणि ‘द्ध’ भरून जातात.

लांबीही पाहावी लागते, आणि ती टोपणाशी ताडून. नवी निब जुनीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर लांब असेल तर टोपण फिरवताना तिचे टोक आतल्या बुडाला भिडते आणि नवीकोरी निब पहिल्याच दिवशी वाकते. उदबत्तीची काडी टोपणात बुडापर्यंत घालावी, काठापाशी खूण करावी आणि सेक्शनवर टोपण जिथे टेकते तिथपासून निबेच्या टोकापर्यंतचे अंतर त्या खुणेहून कमी आहे ना, ते पाहावे.

बसवताना निब जिभेवर ठेवून चीर आणि जिभेची खाच एका रेषेत आणावी. जिभेचे टोक छिद्र आणि निबेचे टोक यांच्या मधोमध किंवा त्याहून किंचित पुढे यावे. दोन्ही एकत्र, रबराच्या तुकड्यात रुंद भागाला धरून, ओल्या सेक्शनमध्ये सरळ दाबावीत. सेक्शनमध्ये आतून जुन्या जिभेची खूण किंवा सपाट बाजू असेल तर तीच जागा धरावी.

इथे बहुतेक जण थांबतात, पण एबोनाइटच्या जिभेच्या पेनात यापुढेच खरे काम असते. जीभ जुन्या निबेच्या आकाराला सरावलेली असते. नव्या निबेशी तिचे अंग जुळवावे लागते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर, आणि ते गरम पाण्यात थोडे नमते. पाणी उकळून गॅस बंद करावा आणि एक मिनिट थांबावे. मग निब-जिभेचा बाहेर दिसणारा भाग तेवढा वीस ते तीस सेकंद पाण्यात धरावा. सेक्शन व पिंप पाण्यात जाऊ देऊ नये, कारण गरम पाण्याने काळे एबोनाइट विटून तपकिरी पडते. बाहेर काढताच अंगठा जिभेच्या पोटावर आणि तर्जनी निबेच्या पाठीवर, टोकापासून दूर, ठेवून जीभ निबेला टेकेपर्यंत दाबावी आणि अर्धा मिनिट तशीच धरावी. मग गार पाण्यात बुडवावी. बाजूने पाहावे, उजेड दिसत असेल तर पुन्हा करावे. मला तीन वेळा करावे लागले, आणि तिसऱ्यांदा निब व जीभ यांच्यामधली फट मिटली तेव्हा एक थेंब पाणी छिद्रापासून टोकापर्यंत चिरेतून सरसर सरकताना भिंगातून स्पष्ट दिसले. जीभ प्लॅस्टिकची असेल तर ही रीत लागू पडत नाही. तिथे जुळणारी निबच शोधावी लागते.

जोडणी कोरडी झाल्यावर पिंपाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा आणि शाई भरावी. शाई शाईच्या पेनासाठीचीच असावी. चित्रकलेची जलरोधक काळी शाई जिभेच्या खाचेत वाळून घट्ट बसते आणि मग धुण्याने निघत नाही.

चाचणीसाठी मी ‘श्री’ लिहून सुरुवात करतो आणि मग पानभर ‘ळ’ गिरवतो. या एका अक्षराच्या दोन फुगीर वळणांत निब वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशी सर्व दिशांना फिरते, त्यामुळे कोणत्या वळणावर कागद खरवडतो किंवा शाई तुटते ते लगेच कळते. नंतर एक लांब शिरोरेघ न थांबता ओढावी. ती शेवटाकडे फिकी पडली तर शाई पुरत नाही, आणि जीभ पुन्हा टेकवावी लागेल. रेघ सारखी उमटली तर टोपण लावून पेन रात्रभर निब वर करून ठेवावे. सकाळी न झटकता पहिली रेघ ओढावी. ती लगेच उमटली तर काम झाले. दोन-तीन वेळा टेकवल्यावर उमटली तर टोपण हवाबंद आहे का ते तपासावे, आणि ते हवाबंद असेल तर चीर पितळी पत्र्याने आणखी किंचित मोकळी करावी. वडिलांच्या पेनाची ती पहिली रेघ दुसऱ्या सकाळी अडखळली होती. पत्रा एकदाच फिरवला आणि तिसऱ्या सकाळी ती टोपण काढताच उमटली.